मांजराच्या वाटीतले कच्चे मांस : गोरेवाड्याने दिलेला इशारा

खास प्रतिनिधी, अहिल्यानगर

पाळीव मांजराला कच्चे मांस द्यावे की बाजारातील पाकीटबंद कॅट फूड, हा वाद आजवर प्राणिप्रेमींच्या वर्तुळापुरताच मर्यादित होता. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा येथे तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले. पाठोपाठ शेजारच्या मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात घरगुती मांजरांमध्येही तोच आजार आढळला आणि या वादाचे स्वरूप पालटले. आता हा केवळ आवडीनिवडीचा किंवा खर्चाचा प्रश्न राहिलेला नाही. तो सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न झाला आहे. जागोजागी कोंबडीपालन, उसाच्या फडात बिबट्या आणि गल्लोगल्ली चिकन सेंटर असलेल्या अहिल्यानगर जिल्ह्याने तर त्याकडे अधिकच गांभीर्याने पाहावयास हवे.

गोरेवाडा ते छिंदवाडा

गोरेवाड्यात दगावलेले वाघ मानव-वन्यजीव संघर्षाच्या घटनांनंतर चंद्रपूर परिसरातून तेथे हलविण्यात आले होते. त्यांचे नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे पाठविण्यात आले. जानेवारी २०२५ च्या प्रारंभी आलेल्या अहवालाने एच५एन१ या विषाणूवर शिक्कामोर्तब केले. या प्राण्यांना खाद्य म्हणून दिलेल्या कोंबडीच्या कच्च्या मांसातून संसर्ग झाला असावा, असा संशय त्या वेळी शासकीय पातळीवरूनच व्यक्त झाला आणि राज्यातील प्राणिसंग्रहालयांना सतर्कतेचे आदेश देण्यात आले.

त्याच सुमारास छिंदवाड्यात काही पाळीव मांजरे तीव्र ताप, सुस्ती आणि अन्नावरची वासना उडणे या लक्षणांनंतर अल्पावधीत दगावली. त्यांच्यातही एच५एन१ निघाला. भारतातील घरगुती मांजरांमधील ही पहिली नोंद होय. तेथील कोंबडी बाजारातील नमुन्यांतही विषाणू आढळल्याने बाजार काही काळ बंद ठेवावा लागला. मांजरांच्या संपर्कातील माणसांच्या तपासणीत मात्र संसर्ग आढळला नाही, ही त्यातल्या त्यात दिलासा देणारी बाब. मे २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातील गोरखपूरच्या प्राणिसंग्रहालयात एक वाघीणही याच विषाणूची बळी ठरली.

महाराष्ट्राला हा विषाणू नवा नाही. देशातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथेच नोंदविला गेला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे शेकडो कोंबड्या मेल्या. जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे कावळ्यांमध्ये, तर रायगड जिल्ह्यातील चिरनेर येथे कोंबड्यांमध्ये हा आजार आढळला. फरक एवढाच, की पूर्वी चर्चा कोंबडी आणि अंडी यांच्यापुरती होती. आता मार्जारकुळातील प्राण्यांचे नाव त्यात जोडले गेले आहे.

अर्थात, वैज्ञानिकांना त्याची कल्पना फार पूर्वीच आली होती. थायलंडमधील श्रीराचा येथील व्याघ्र उद्यानात ऑक्टोबर २००४ मध्ये कोंबडीचे कच्चे मांस खाऊ घातल्यानंतर उद्रेक झाला आणि ४४१ पैकी १४७ वाघ एकतर दगावले किंवा त्यांना दयामरण द्यावे लागले. पोलंडमध्ये २०२३ च्या उन्हाळ्यात घरगुती मांजरे मरू लागली. जागतिक आरोग्य संघटनेने त्या वर्षी जुलैमध्ये दिलेल्या माहितीनुसार, तपासलेल्या ४७ नमुन्यांपैकी २९ नमुन्यांत विषाणू सापडला. त्यातील काही मांजरे तर घराबाहेर कधी पडतच नव्हती. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात एका घरगुती मांजराच्या मृत्यूनंतर नॉर्थवेस्ट नॅचरल्स या कंपनीचे गोठवलेले कच्चे खाद्य बाजारातून परत मागविण्यात आले. खाद्यातील विषाणू आणि मांजराच्या शरीरातील विषाणू एकच असल्याचे प्रयोगशाळेत सिद्ध झाले होते. मांस फ्रीजरमध्ये ठेवले की निर्धोक होते, हा समज या प्रकरणाने खोटा ठरविला.

कच्च्या मांसाची बाजू

असे असतानाही कच्च्या मांसाचा आग्रह धरणारे लोक अडाणी आहेत, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. मांजर हा पूर्णतः मांसाहारी प्राणी. कुत्रा माणसाबरोबर राहून भाकरी पचवू लागला. मांजराच्या शरीराने ती तडजोड फारशी केली नाही. गाजरातील कॅरोटिनपासून अ जीवनसत्त्व तयार करण्याची क्षमता मांजराकडे नाही. अॅराकिडॉनिक आम्ल हे मेदाम्लही त्याला प्राणिज अन्नातूनच मिळवावे लागते.

दुसरा मुद्दा पाण्याचा. उंदराच्या किंवा पक्ष्याच्या शरीरात सुमारे ७० टक्के पाणी असते. पाकिटातील कोरड्या दाण्यांत ते जेमतेम १० टक्के. वाळवंटी पूर्वजांचा वारसा असलेल्या मांजराला तहान कमी लागते, त्यामुळे कोरडे खाद्य खाणारे मांजर ही तूट वाटीतले पाणी पिऊन पुरेशी भरून काढतेच असे नाही. नर बोक्यांमध्ये लघवी अडण्याचा विकार त्यातून बळावू शकतो आणि वेळीच उपचार न झाल्यास एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. अवर्षणप्रवण अहिल्यानगरच्या एप्रिल-मेच्या उन्हात हा मुद्दा पुस्तकी राहत नाही.

तिसरा मुद्दा पिष्टाचा. कोरड्या दाण्यांना आकार देण्यासाठी मका, तांदूळ किंवा गहू लागतोच. फ्लॅटमध्ये दिवसभर झोपून राहणाऱ्या, नसबंदी झालेल्या मांजरासमोर ही वाटी कायम भरलेली ठेवली, की लठ्ठपणा आणि त्यामागोमाग मधुमेह येण्याचा धोका वाढतो. तेव्हा निसर्गाने ठरवून दिलेलेच खाणे द्यावे, या मागणीला आधार आहे.

मात्र या युक्तिवादात एक गफलत आहे. रानात मांजर संपूर्ण उंदीर खाते; मांसाबरोबर हाड, काळीज, हृदय आणि आतडीही त्याच्या पोटात जातात. आपण त्याला देतो ते कोंबडीचे बोनलेस तुकडे. त्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य. केवळ अशा मांसावर वाढलेल्या पिल्लांची हाडे ठिसूळ होतात, प्रसंगी साध्या उडीनेही मोडतात. याउलट रोज काळीजच दिले तर अ जीवनसत्त्वाचा अतिरेक होऊन मणक्यांचे सांधे आखडतात. काही जातींच्या कच्च्या माशांतील घटकामुळे थायमिन नष्ट होते. निसर्गातील भोजन आणि दुकानातील मांस यांत असे मोठे अंतर आहे.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोंबडीचे दुकान ही नैसर्गिक जागा नव्हे. निरनिराळ्या शेडमधून आलेल्या कोंबड्या एका पिंजऱ्यात कोंबलेल्या, त्याच ओट्यावर कापलेल्या, त्याच पाण्यात धुतलेल्या. एका आजारी पक्ष्यापासून इतरांपर्यंत जंतू पोहोचण्यास याहून सोयीची व्यवस्था सापडणे कठीण. माणसाला त्याचा उपद्रव सहसा होत नाही, कारण आपण चिकन रटरटून शिजवतो. मांसाचा सर्व भाग ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापला की बर्ड फ्लूचा विषाणू टिकत नाही. शिजविण्याचा हा शेवटचा अडसर मांजराच्या बाबतीत आपण स्वतःच्या हाताने दूर करतो.

धोका केवळ बर्ड फ्लूचा नाही. कच्च्या मांसातील साल्मोनेला मांजराच्या वाटीतून आणि विष्ठेतून घरातील लहान मुलांपर्यंत पोहोचू शकतो. टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची लागण मांजराला कच्च्या मांसातून होऊ शकते आणि गर्भवती स्त्रीला तिचा संसर्ग झाल्यास गर्भाला धोका संभवतो. अमेरिकेतील पशुवैद्यकांच्या राष्ट्रीय संघटनेने कुत्र्या-मांजरांना प्रक्रिया न केलेले कच्चे प्राणिज अन्न देऊ नये, अशी भूमिका २०१२ मध्येच घेतली, ती याच कारणांमुळे.

पाकीटही निर्दोष नाही

मग पाकीटबंद खाद्य हाच उपाय समजावा काय? तेथेही इतिहास सावध करणारा आहे. टॉरिन हा घटक मांजराला अन्नातून मिळालाच पाहिजे. तो न मिळाल्यास डोळ्यांचा पडदा निकामी होतो, हे १९७० च्या दशकात उमगले. परंतु हृदयाचे स्नायू सैल पडण्याचा जीवघेणा विकारही त्याच उणिवेतून होतो, हे अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले ते १९८७ मध्ये. त्या काळी ही मांजरे नामांकित कंपन्यांचे, ‘संपूर्ण आहार’ म्हणून विकले जाणारे खाद्यच खात होती! त्यानंतर कंपन्यांनी टॉरिनचे प्रमाण वाढविले आणि हा विकार कमालीचा घटला. अमेरिकेतील प्रचलित मानकांनुसार कोरड्या खाद्यात किमान ०.१ टक्का आणि डबाबंद ओल्या खाद्यात ०.२ टक्के टॉरिन असावे लागते.

पुढे मार्च २००७ मध्ये उत्तर अमेरिकेत मेलामाइन प्रकरण घडले. चीनमधून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये प्रथिनांचे प्रमाण फुगवून दाखविण्यासाठी मेलामाइनची भेसळ करण्यात आली होती. त्यापायी अनेक कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि मेनू फूड्स या एकट्या कंपनीला सहा कोटींहून अधिक डबे व पाकिटे परत मागवावी लागली.

तथापि या दोन्ही प्रकरणांतून एक गोष्ट स्पष्ट होते. चूक कोठे झाली हे शोधता आले, कारण पाकिटावर नाव होते, बॅच क्रमांक होता आणि माल परत मागविण्याची व्यवस्था होती. चिकन सेंटरमधून कागदात बांधून आणलेल्या पावशेर मांसाचा माग काढता येत नाही. पाकिटाचा खरा गुण त्यावरील चकचकीत चित्रात नसून त्याच्या मागच्या बाजूस बारीक अक्षरांत छापलेल्या मजकुरात आहे.

वाटीतला तिसरा पर्याय

कच्चे की पाकीटबंद, हा वाद मुळात पाश्चात्त्य देशांतून आपल्याकडे आला. आपल्याकडील बहुतांश मांजरांच्या नशिबी यातले काहीच नसते. त्यांच्या वाटीत असते ते दूध-भाकरी किंवा दूध-पोळी. वाड्यात, धान्याच्या कोठाराजवळ राहणाऱ्या मांजराला ही वाटी पुरत असे, कारण उरलेला आहार ते उंदीर मारून स्वतः मिळवी. सावेडी किंवा केडगावच्या तिसऱ्या मजल्यावरील फ्लॅटमध्ये उंदीर नाही. तेथे तीच दूध-पोळी हळूहळू कुपोषण करते. त्यातच प्रौढ मांजरांना दुधातील शर्करा बहुधा पचत नाही आणि जुलाब सुरू होतात.

शाकाहारी कुटुंबांची अडचण आणखी निराळी. घरात मांस आणायचे नाही आणि मांजर तर मांसाहारी. अशा घरांत पाकीटबंद खाद्याने तोडगा काढला, हे मान्य करावयास हवे. मांसाहारी घरांत रश्शातील उरलेले तुकडे मांजरापुढे टाकण्याची रीत आहे. परंतु कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात, हे फारच थोड्यांना ठाऊक असते.

राहता राहिले ते चिकन दुकानाबाहेरचे दृश्य. कोंबडीची मुंडी, पाय, आतडी, कातडी दुकानदार टाकून देतो किंवा भूतदयेपोटी कोणीतरी गोळा करून गल्लीतील मांजरांना घालतो. कोणी कधी ‘रॉ फीडिंग’ हा शब्दही ऐकलेला नसला, तरी आपल्या शहरांतील सर्वांत मोठे कच्चे खाद्य हेच आहे. त्याची कोठेही मोजदाद होत नाही आणि तपासणीही नाही.

कायद्यातील पोकळी

तपासणी करायची तरी कोणी? अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ मधील ‘अन्न’ या शब्दाच्या व्याख्येतून पशुखाद्य वगळलेले आहे. म्हणजे चिकन सेंटरचा परवाना माणसाच्या अन्नासाठी आहे आणि ते मांस शिजवून खाल्ले जाईल, हे त्यात गृहीतच आहे. मांजराच्या कच्च्या खाद्याचा विचार त्या चौकटीत बसत नाही. भारतीय मानक ब्युरोने कुत्र्या-मांजरांच्या खाद्यासाठी मानक तयार केले आहे, परंतु ते ऐच्छिक स्वरूपाचे. वैधमापन शास्त्राच्या नियमांनुसार पाकिटावर उत्पादकाचे नाव, निव्वळ वजन, महिना-वर्ष, कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क असावा लागतो. यापलीकडे आत काय आहे, याची हमी बव्हंशी कंपनीच्या शब्दावरच अवलंबून राहते.

करआकारणीचा भाग वेगळाच. २०१७ मध्ये जीएसटी लागू झाला तेव्हा किरकोळ विक्रीचे पाकीटबंद कॅट फूड १८ टक्क्यांच्या गटात टाकण्यात आले. दुकानात कापून मिळणारे ताजे मांस करमुक्त राहिले. चैनीची वस्तू म्हणून पाहिल्या गेलेल्या या खाद्याच्या किमतीमुळे मध्यमवर्गीय ग्राहक पुन्हा चिकन सेंटरकडेच वळतो, याचा विचार झालेला दिसत नाही.

बर्ड फ्लूच्या नियंत्रणाची व्यवस्थाही पक्ष्यांभोवती आखलेली आहे. उद्रेक झाला की एक किलोमीटर परिघात पक्षी नष्ट करायचे, दहा किलोमीटरपर्यंत निरीक्षण ठेवायचे आणि कोंबडीपालकास भरपाई द्यायची, ही पद्धत आता रुळली आहे. त्या परिघातील मांजरांचे काय, हा प्रश्न मात्र ऐन वेळी कोणाच्या फारसा ध्यानात येत नाही. अहिल्यानगरात एखादे मांजर तापाने आणि झटक्यांनी अचानक दगावले, तर बहुधा ‘विष खाल्ले असेल’ असे म्हणून ते पुरले जाते. त्याचा नमुना पुण्याच्या औंध येथील रोग अन्वेषण विभागाकडे आणि तेथून भोपाळला जावा, असे कोणाच्या मनातही येत नाही.

जिल्ह्यापुढील प्रश्न

ग्रामीण भागात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. शेडमध्ये मेलेल्या कोंबड्या खोल खड्ड्यात चुन्यासह पुरणे अपेक्षित असते. प्रत्यक्षात त्या ओढ्याकाठी किंवा बांधावर फेकल्याच्या तक्रारी अधूनमधून होतात. अशा जागी प्रथम येतात ती कुत्री आणि मांजरे. त्यांच्या पाठोपाठ येतो तो बिबट्या. प्रवरा-गोदावरीच्या पट्ट्यातील उसाने बिबट्याला आसरा दिला आहे आणि त्याचा वावर थेट वस्त्यांपर्यंत पोहोचला आहे. गोरेवाड्यातील वाघ बंदिस्त होते, म्हणून त्यांचे आजारपण दिसले. उसाच्या फडात आजारी पडलेला बिबट्या कोणाला दिसणार? मांजराची वाटी, कोंबडीची शेड आणि बिबट्याचा फड ही एकाच साखळीची कडी आहेत, हे ध्यानात घेऊनच प्रशासनाने पावले उचलावयास हवीत.

करण्याजोग्या गोष्टी फार खर्चिकही नाहीत. महापालिका व नगरपालिकांनी चिकन सेंटरमधील टाकाऊ भाग बंद वाहनातून उचलण्याची सक्ती करावी. पशुसंवर्धन विभागाने उद्रेकाच्या काळात कोंबड्यांबरोबर मांजरांच्या अनाकलनीय मृत्यूंचीही नोंद ठेवावी आणि नमुना पाठविण्याची पद्धत खासगी पशुवैद्यकांना कळवावी. केंद्र सरकारने पाळीव प्राण्यांच्या खाद्याचे मानक सक्तीचे करावे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २०२५ मध्ये कच्चे पोल्ट्री मांस वापरणाऱ्या कंपन्यांना आपल्या सुरक्षा आराखड्यात एच५एन१ चा धोका समाविष्ट करण्यास बजावले. कच्च्या, गोठवलेल्या खाद्याचा व्यवसाय आपल्या महानगरांत मूळ धरू पाहत असताना असेच पाऊल येथेही उचलणे शहाणपणाचे ठरेल.

घरात काय करावे?

शासन हलेपर्यंत मांजरवाल्या कुटुंबाने थांबण्याचे कारण नाही. घरात वावरणाऱ्या चार किलो वजनाच्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० किलोकॅलरी पुरतात. कोरड्या खाद्याच्या हिशेबात ते जेमतेम ५५ ते ६५ ग्रॅम, म्हणजे महिन्याला दोन किलोंच्या आतबाहेर होते. वाटी दिवसभर भरलेली ठेवण्याऐवजी मोजून दिल्यास खर्चही आटोक्यात येतो आणि वजनही. पाकिटावर ‘संपूर्ण व संतुलित आहार’ असे स्पष्ट लिहिलेले आहे ना, हे पाहावे. खाऊ म्हणून विकली जाणारी पाकिटे रोजच्या जेवणाची जागा घेऊ शकत नाहीत. उघड्या पोत्यातून सुटे मिळणारे खाद्य स्वस्त पडते, पण त्याची तारीख आणि बॅच कळत नाही, शिवाय पावसाळ्यात बुरशीचा धोका असतो. कुत्र्याचे खाद्य मांजराला देऊ नये, कारण त्यात टॉरिन पुरेसे असेलच असे नाही.

मांजराला मांसाची गोडी असेल तर चिकन पूर्ण शिजवून, हाडे काढून, मीठ-मसाला आणि कांदा-लसूण न घालता द्यावे. टॉरिन पाण्यात उतरते, म्हणून शिजविलेले पाणी ओतून न देता त्यासह वाढावे. त्याने उन्हाळ्यात पाण्याची तूटही थोडीफार भरून निघते. मात्र शिजवलेले चिकन हा पूर्ण आहार नव्हे. दिवसाच्या अन्नाचा दहावा भाग त्याचा असावा आणि बाकी संतुलित खाद्य. संपूर्ण आहार घरीच शिजवायचा असेल तर कॅल्शियम व इतर पूरक घटकांचे प्रमाण पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावे. पाण्याच्या दोन-तीन वाट्या घरात निरनिराळ्या जागी ठेवाव्यात आणि बोका वारंवार बसूनही लघवी होत नसेल तर तासही दवडू नये. मांजराची विष्ठा रोजच्या रोज काढावी आणि गर्भवती स्त्रीने ते काम दुसऱ्याकडे सोपवावे.

निसर्गाच्या नावाने दिले जाणारे सारेच नैसर्गिक नसते आणि पाकिटात मिळणारे सारेच विश्वासार्ह नसते. या दोन टोकांमध्ये विस्तवाचा साधा उपाय आपल्या प्रत्येक स्वयंपाकघरात आहे. माणसाने आपल्यासाठी तो फार पूर्वीच स्वीकारला. मांजर स्वतः गॅस पेटवू शकत नाही, त्यामुळे ती जबाबदारी त्याला घरात आणणाऱ्याचीच राहते. आणि ते मांस दुकानापर्यंत निरोगी पोहोचेल हे पाहण्याची जबाबदारी ज्यांची आहे, त्यांनी पुढच्या गोरेवाड्याची वाट पाहू नये.